नाण्यावरची चूक खरी की उजेडाची?

ईदच्या तिसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “मामू, व्हॉट्सॲप बघा. दोन रुपयाचं नाणं घेतलंय, डबल डाय आहे. अठराशेला मिळालं. पाच-सहा हजार तरी कुठे गेले नाहीत!”

फोटो उघडला. २०११ पासून चलनात आलेल्या मालिकेतलं, रोज किराणा दुकानात हातातून जातं तसं स्टीलचं दोन रुपयाचं नाणं. पण फोटोत दोनच्या आकड्याला लागून उजवीकडे अजून एक पुसट दोनचा आकडा उभा होता. वर्षाच्या आकड्यांनाही तशीच जोड. पाहिल्यावर कुणालाही वाटावं, टाकसाळीत हे नाणं दोनदा छापलं गेलं. घरातून, आजोळातून, शेजारच्या खालाजानकडून जमलेली सगळी ईदी पोराने त्यात घातली होती.

मी त्याला एवढंच म्हणालो, रविवारी नाणं घेऊन ये, आणि सकाळी ये.

आला. खिडकीजवळ बसवलं, घरातले दिवे बंद केले. नाणं तळहातावर ठेवून, हात न हलवता, त्याला स्वतःलाच हळूहळू गोल फिरायला सांगितलं, म्हणजे उजेड प्रत्येक बाजूने पडेल. उजवीकडचा तो दुसरा आकडा आधी वर सरकला, मग डावीकडे आला, मग दिसेनासा झाला. पुन्हा फिरला, पुन्हा तेच. पोराचा चेहरा उतरला. नाण्यावर जे धातूत उठलेलं असतं ते जागा बदलत नाही. जागा बदलते ती सावली.

विकणाऱ्याने फोटोत काही खाडाखोड केली होती का? मला तसं वाटत नाही. त्याने टेबलावरच्या दोन एलईडी दिव्यांखाली फोटो काढला असणार. कदाचित त्याला स्वतःलाही ती चूक खरीच वाटली असेल. म्हणूनच हा विषय जरा नीट समजून घ्यायला हवा. फसवणारा माणूस ओळखता येतो, फसवणारा उजेड ओळखायला थोडी सवय लागते.

नाण्यावर दिसतं ते काय असतं

नाण्यावरची नक्षी, अक्षरं, आकडे हे सगळं पृष्ठभागापासून अगदी थोडंसं उठलेलं असतं, मिलिमीटरचाही काही भाग. त्यावर रंग नसतो. आकडा आणि त्याच्या मागची सपाट जागा दोन्ही एकाच धातूची, एकाच रंगाची. तरी आपल्याला आकडा वाचता येतो, कारण त्याच्या एका कडेवर उजेड पडतो आणि दुसऱ्या कडेला सावली. म्हणजे फोटोतलं नाणं हे उजेडाने काढलेलं चित्र असतं. उजेड बदलला की चित्र बदलतं, नाणं तेच राहतं.

त्यात नवं स्टीलचं नाणं म्हणजे जवळजवळ आरसाच. पावसात रस्त्यावर साचलेल्या पाण्यात विजेचा खांब उलटा दिसतो ना, तसंच चकचकीत सपाट भागात शेजारच्या अक्षराचं प्रतिबिंब पडतं. कॅमेरा एका विशिष्ट कोनात असला की ते प्रतिबिंब अक्षराला अगदी चिकटून येतं आणि फोटोत दुसरं अक्षर होऊन बसतं. भाच्याच्या नाण्यावर हेही थोडं होतं.

आणि दिवे दोन असतील तर सावल्या दोन. व्हिडिओवाले वापरतात तो गोल रिंग लाईट तर नाण्यासाठी सगळ्यात वाईट, असं माझं मत. त्यात छोटे छोटे दिवे ओळीने बसवलेले असतात, आणि प्रत्येक उठावदार कडेवर चमकत्या ठिपक्यांची रांग उमटते. मग कुणी म्हणतं अक्षराला दाते आलेत, कुणी म्हणतं साचा फुटलाय.

फोनही आपल्या परीने भर घालतो. उजेड कमी असला की तो एकाच दाबात अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो. हात जरा हलला की कडा दुहेरी होऊ शकते. शिवाय चित्र ठसठशीत दिसावं म्हणून फोन स्वतःहून कडा गडद करतो, त्यामुळे अक्षराभोवती पांढरी रेघ येते. असा फोटो तीन-चार ग्रुपमधून फिरून आला की दाबून दाबून त्याचे चौकोन पडतात. त्या चौकोनांत माणसाला हवं ते दिसतं.

खरा ‘डबल डाय’ म्हणजे काय

हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. टाकसाळीत नाणं साच्याने छापतात. साचा म्हणजे डाय, कडक पोलादाचा ठसा, त्यावर नक्षी उलटी आणि खोल असते. कोऱ्या चकतीवर दोन्ही बाजूंनी तो जोराने दाबला की नाणं तयार. पण तो साचा स्वतः कसा तयार होतो? एका मूळ ठशावरून. मूळ ठसा पोलादात दाबून साचा घडवतात, आणि जुन्या पद्धतीत एका दाबात नक्षी पुरेशी खोल उतरत नसे, म्हणून तोच ठसा पुन्हा बसवून दाबावा लागे. दुसऱ्या वेळी तो केसभर जरी फिरला, तरी साच्यावरच अक्षरं दुहेरी उमटतात. मग त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दुहेरीपणा, त्याच जागी, तेवढाच.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण अमेरिकेचं आहे, १९५५ सालचा एक सेंट. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत एक साचा असा बिघडला आणि त्या सेंटवरचं वर्ष आणि अक्षरं साध्या डोळ्यांनी दिसतील इतकी दुहेरी आली. ते नाणं पाहायला ना भिंग लागतं ना खास दिवा. उजेड कुठूनही टाका, वर्ष दुहेरीच दिसतं. संग्राहक त्याला मोठी किंमत देतात ती त्यामुळेच, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही निघाल्या.

आता दुसरा प्रकार. साचा अगदी ठीक असतो, पण छापताना यंत्र सैल असल्यामुळे साचा दाब दिल्यानंतर किंचित थरथरतो किंवा सरकतो. तेव्हा ताज्या उठलेल्या अक्षराची कड चेपली जाते आणि त्याच्या शेजारी एक सपाट पायरी तयार होते. याला यंत्राचा दुहेरीपणा म्हणतात. ही खरी गोष्ट आहे, धातूत असते, पण हिची किंमत नाण्यावर लिहिली असते तेवढीच. टाकसाळींत हे नेहमी घडतं.

ओळखायचं कसं? खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही अक्षरं गोलसर, उठावदार असतात, अक्षराच्या टोकाला दोन फाटे फुटलेले दिसतात, आणि एकूण अक्षर जाड होतं. यंत्राच्या दुहेरीपणात मूळ अक्षर उलट बारीक होतं, कारण त्याचाच धातू चेपून ती पायरी झालेली असते. पायरी सपाट आणि खाली असते. ती सपाट असल्यामुळे आरशासारखी चमकते. तिरप्या उजेडात काढलेल्या फोटोत ही चमकती पायरी गोल, भरीव अक्षरासारखी दिसते. म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी, एक हजारोंची, एक दोन रुपयाची आणि एक मुळात नसलेलीच, एका फोटोत अगदी सारख्या दिसू शकतात.

झिजलेल्या साच्याचा अजून एक प्रकार आहे, त्यात अक्षरांच्या कडा सुजल्यासारख्या होतात. तोही डबल डाय म्हणून खपवला जातो. त्यात फार अडकत नाही.

उठलेलं खोल दिसतं, खोल उठलेलं

चंद्रावरच्या विवरांचा फोटो उलटा धरून पाहा. खड्डे टेकड्यांसारखे दिसू लागतात. कारण साधं आहे. सूर्य वर असतो, घरातला दिवाही छताला असतो, त्यामुळे उजेड वरूनच येणार हे आपल्या मेंदूने धरून ठेवलेलं आहे. कडेचा वरचा भाग उजळ आणि खालचा काळा दिसला की मेंदू म्हणतो, उठलेलं आहे. उलटं दिसलं की म्हणतो, खोल आहे.

आता कुणी टेबलावर नाणं ठेवून खालच्या बाजूने, म्हणजे स्वतःच्या छातीकडून दिवा लावला आणि फोटो काढला, किंवा फोटो काढताना नाणं उलटं होतं म्हणून नंतर फोटो सरळ फिरवला, तर अशोकस्तंभाचे सिंह धातूत खचल्यासारखे दिसतात. अशा फोटोखाली ‘ब्रोकेज एरर’ असं लिहिलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. ब्रोकेज ही खरी चूक आहे. आधीचं नाणं साच्यालाच चिकटून राहतं आणि पुढची चकती त्या नाण्यावर दाबली जाते, म्हणून एका बाजूला खोल ठसा येतो. पण साच्याची जागा नाण्याने घेतल्यामुळे तो ठसा आरशातल्यासारखा उलटा असतो, अक्षरं उलटी वाचावी लागतात. तेव्हा फोटोत नक्षी खोल दिसतेय आणि अक्षरं मात्र सरळ वाचता येतायत, तर तो उजेडाचाच खेळ समजावा. फोन उलटा धरा, सिंह पुन्हा वर येतील.

रेघेचंही असंच. साच्याला तडा गेला की त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उठलेली रेघ येते. ती टाकसाळीची चूक. कुणी चावीने ओरखडा काढला तर खोल रेघ पडते. ते नुकसान. फोटोत दोन्ही रेघाच. पण फोटोतच एक खूण असते. नाण्यावरचं अक्षर उठलेलं आहे हे तर आपल्याला माहीत आहे. त्या अक्षराची कोणती कड उजळ आहे ते बघा, डावी की उजवी. रेघेचीही तीच कड उजळ असेल तर रेघ उठलेली आहे. विरुद्ध कड उजळ असेल तर खोल, म्हणजे ओरखडा. मला कुणी हे फार उशिरा सांगितलं, त्याआधी मी दोन ओरखडे विकत घेऊन बसलो होतो.

डोळा का चुकतो, हा प्रश्न काही फोन आल्यावर सुरू झालेला नाही. बसऱ्यात जन्मलेले आणि काहिऱ्यात राहून काम केलेले इब्न अल-हैथम यांनी अकराव्या शतकात ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाश आणि दृष्टीवरचा ग्रंथ लिहिला. त्यात दृष्टीच्या चुका का होतात याची कारणं त्यांनी सविस्तर मांडली आहेत. उजेड फार कमी किंवा फार जास्त असणं, अंतर चुकीचं असणं, पाहायला पुरेसा वेळ न मिळणं, आणि खुद्द डोळ्याची तब्येत. ग्रुपवर ‘शेवटचे दहा मिनिटं’ असं लिहून टाकलेला अंधुक फोटो या यादीत जवळजवळ पूर्ण बसतो.

टाकसाळीची खूण गायब

वर्षाच्या खाली एक बारीक खूण असते, त्यावरून नाणं कुठल्या टाकसाळीचं ते कळतं. मुंबईचा चौकटसारखा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याची खूण नसतेच. तेव्हा ‘खूण नसलेलं दुर्मिळ नाणं’ असं कुणी म्हणालं तर पहिलं उत्तर, कोलकात्याचं असेल. दुसरं उत्तर, खूण आहे पण फोटोत विरघळली. नोएडाचा ठिपका इतका छोटा की समोरून फ्लॅश मारला तर त्याची सावलीच पडत नाही. फ्लॅश सगळं सपाट करतो. त्यातच बारीक नक्षी पुसल्यासारखी दिसते आणि ‘अर्धवट छाप’ म्हणून जाहिरात होते.

रंगाचं थोडक्यात सांगतो. पिवळ्या बल्बखाली पांढरा धातू पितळी दिसतो. पाच रुपयाचं जुनं जाड नाणं तांबं-निकेलच्या मिश्रणाचं, ९ ग्रॅमचं. २००७ मध्ये स्टीलचं आलं, ६ ग्रॅमचं, आणि २००९ मध्ये निकेल-पितळेचं, तेही ६ ग्रॅमचं. ‘चुकीच्या धातूवर छापलेलं पाच रुपयाचं नाणं’ म्हणून दाखवलेल्या फोटोचा निकाल उजेडावर लावूच नये. वजनकाटा आणि चुंबक घ्या. आपलं स्टीलचं नाणं चुंबकाला चिकटतं, तांबं-निकेलचं आणि निकेल-पितळेचं चिकटत नाही. काट्याला पिवळा बल्ब फसवू शकत नाही.

चारमिनारचा रुपया

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ, कारण इथे नुकसान दोन रुपयाच्या नाण्यावर थांबत नाही. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि इथे निजामाचं स्वतःचं चलन चालायचं, हाली सिक्का. आजही अनेक घरांत पेटीच्या तळाशी, कापडात गुंडाळलेला चांदीचा चारमिनारचा रुपया सापडतो. मधोमध चारमिनार, वर ९२ हा आकडा, अबजद हिशेबाने ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज. आणि चारमिनारच्या मधल्या दारात एक अक्षर. मीर महबूब अली खान यांच्या नाण्यावर दारात ‘मीम’, त्यांच्यानंतर १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यावर ‘ऐन’.

उस्मान अली खान यांच्या रुपयात संग्राहक दोन प्रकार मानतात, एकात दारातला ऐन छोटा, अर्धवट, दुसऱ्यात पूर्ण. ही चूक नाही, साच्यातला फरक आहे, पण किंमत त्यावर ठरते. आणि अडचण अशी की हे अक्षर बसलंय दाराच्या कमानीत. बाजूने तिरपा उजेड टाकला की कमानीची सावली दारात पडते आणि ऐनचा खालचा भाग बुडतो. पूर्ण ऐन अर्धवट दिसतो. सावली अजून लांबली तर दार अगदी काळं, रिकामं. मग ‘दारात अक्षर नसलेला रुपया, टाकसाळीची चूक’ अशी जाहिरात येते आणि किंमत चौपट होते.

उलटही होतं, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. घरातल्या वडीलधाऱ्यांचा चांगला रुपया मुलाने ट्यूबलाईटखाली फोटो काढून कुणाला पाठवला, समोरच्याने ‘झिजलेला आहे, चांदीचाच भाव मिळेल’ म्हटलं, आणि विषय संपला. फोटोत झिजलेला दिसत होता, हे खरंच. नाणं मात्र झिजलेलं नव्हतं, उजेड चपटा होता.

हिजरी वर्षाचीही अशीच गोष्ट. या नाण्यांवर फारसी आकडे आहेत. त्यात दोन आणि तीन यांच्यात फक्त एका दाताचा फरक, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. उजेडाची एक चमक दाताच्या बाजूला पडली की १३४२ चं १३४३ होतं, एक छोटासा डाग शून्य होऊन बसतो. ‘यादीत नसलेलं वर्ष’ म्हणून येणारे कित्येक फोटो या एका दातापायी जन्माला येतात. घरात उर्दू वाचणारी दादी-नानी असेल तर तिच्या हातात भिंग आणि नाणं द्या. फोटो देऊ नका.

मुघल रुपयांबद्दलही एक सांगून ठेवतो. सुमारे साडेअकरा ग्रॅमचे ते चांदीचे रुपये हाताने हातोड्याने छापलेले असत आणि साचा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे बादशहाचं नाव किंवा टाकसाळीचं नाव कडेला अर्धं कापलेलं असणं ही तिथली रीतच होती. त्याला एरर म्हणून वेगळी किंमत नसते. उलट टाकसाळ आणि वर्ष दोन्ही पूर्ण उतरलेला रुपया जास्त भाव खातो.

उजेड दाखवतो तसा लपवतोही. जुने रुपये हारात ओवायची पद्धत होती, त्यासाठी वर कडी डाखून लावत. नंतर कडी काढली तरी डाखाचा डाग कडेवर राहतो. मऊ, पसरलेल्या उजेडात, पांढऱ्या कापडातून गाळलेल्या उजेडात, तो डाग दिसत नाही. चिंच, लिंबू, टूथपेस्टने घासलेल्या नाण्यावर बारीक समांतर ओरखडे असतात, तेही त्या उजेडात नाहीसे होतात आणि नाणं ‘एकदम नवं’ दिसतं. (घरातलं जुनं नाणं कृपा करून घासू नका. ईदच्या साफसफाईत पितळेच्या भांड्यांबरोबर नाणीही चकचकीत करणाऱ्या एका घरात मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता.)

मागायचं काय, काढायचं काय

विकणाऱ्याकडे अजून फोटो मागू नका, व्हिडिओ मागा. दहा सेकंद पुरेत. नाणं आणि फोन जागेवर, आणि फक्त टॉर्च नाण्याभोवती एक पूर्ण चक्कर. दुहेरी अक्षर टॉर्चबरोबर फिरलं तर ती सावली आहे. जागेवर राहिलं तर पुढे बोलायला हरकत नाही. दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी त्याच वर्षाचं साधं नाणं ठेवून काढलेला एक फोटो, आणि काट्यावरच्या वजनाचा एक. जो विक्रेता एवढं करायला कुरकुर करतो त्याच्याकडून मी घेत नाही, मग तो कितीही ओळखीचा असो.

स्वतः फोटो काढायचा तर दिवसा, ऊन थेट येत नाही अशा खिडकीजवळ. खाली करड्या रंगाचा कागद, समोरच्या बाजूला पांढरा कागद उभा केला की काळी सावली जरा निवळते. फोन हातात धरू नका. दोन बाजूंना पुस्तकांचा ढीग करून त्यावर ठेवा आणि तीन सेकंदाचा टायमर लावा. फ्लॅश बंद. फोन फार जवळ नेला तर त्याचीच सावली पडते, म्हणून थोडा वर ठेवून नंतर फोटो कापा. प्लास्टिकच्या पाकिटातून फोटो काढायचा नाही, पाकिटाचं स्वतःचं प्रतिबिंब येतं. आणि नाणं कडेला धरा, बोटाचा तेलकट ठसा चांदीवर वर्षानुवर्षं राहतो.

भिंग दहा पटीचं पुरे. त्याहून मोठं भिंग नवशिक्याला प्रत्येक नाण्यात चूक दाखवतं.

पैसे मागणाऱ्या फोटोंबद्दल एक वेगळी गोष्ट. ‘तुमच्या नाण्याचे पाच लाख देतो, आधी नोंदणीची फी भरा’ असं सांगणारे लोक रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरतात. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने प्रसिद्धीपत्रक काढून स्पष्ट केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही, आणि तिच्या वतीने असे पैसे घ्यायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. ७८६ च्या नोटांपासून एरर नाण्यांपर्यंत सगळ्यांना हे लागू. विकत घेणारा आधी पैसे मागतो, तिथे नाणं बघायचीही गरज नाही, फोन ठेवून द्यावा.

भाच्याने विकणाऱ्याला खिडकीजवळचा व्हिडिओ पाठवला. तीन दिवस उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी त्याने हजार रुपये परत केले आणि वर लिहिलं, ‘मुझे भी किसीने ऐसेही दिया था.’ आठशे गेले. ते नाणं भाच्याने ठेवलंय. मित्रांना दाखवताना तो आधी टेबल लॅम्पखाली धरतो, त्यांना डबल डाय दिसू देतो, मग खिडकीकडे नेतो.

मागच्या जुम्याला नमाजनंतर तो घरी आला होता. अम्मीच्या, म्हणजे त्याच्या नानीच्या पेटीतला चारमिनारचा रुपया काढला. पुस्तकं रचली, कागद उभा केला, टॉर्च फिरवली. कडेला डाखाचा बारीक डाग निघाला, म्हणजे कधीतरी तो हारात होता. दाराच्या कमानीत, उजेड वरून पडला तेव्हा, ऐन पूर्ण दिसला. पोरगं ओरडलंच. अम्मी दारात उभी होती. म्हणाली, “त्यात एवढं काय? माझ्या अम्मीच्या गळ्यात होता, मी लहानपणापासून बघतेय. तुम्ही रात्री का बघता?” आणि रुपया कापडात गुंडाळून पुन्हा पेटीत ठेवला.